रोल फसला की खेळ अडतो? आधी तो रोल का मागितला ते तपासा

टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये हे लक्षण ओळखीचं आहे. (रोल म्हणजे एखादं काम जमतं का हे ठरवायला टाकलेला फासा.) बंद दार. चोराचं पात्र कुलूप उघडायला बसतं, वीस बाजूंचा फासा पडतो, ४ येतात. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "नाही उघडलं." चोर म्हणतो, "मी परत बघतो." नाही म्हणायला जीएमकडे कारण नसतं. पुन्हा फासा, ७. मग योद्धा पुढे सरसावते, "सरक, मी धडक मारते." तीही फसते. मग जादूगार. मग ज्याचा कुलपांशी आयुष्यात संबंध आला नाही असा पुजारीसुद्धा हात धुऊन घेतो. शेवटी कोणाला तरी १८ पडतात आणि दार उघडतं. पंधरा मिनिटं गेली, गोष्ट होती तिथेच.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "अपयशाचं वर्णन रंगवून करा". त्याने काडीचाही फरक पडत नाही. वर्णन कितीही बहारदार केलं तरी कुलूप बंद ते बंदच. माझं निदान असं, की रोल फसल्यावर खेळ अडत असेल तर बिघाड जवळजवळ नेहमी फासा उचलण्याच्या आधी झालेला असतो. फसलं तर काय होणार, याचं उत्तर कोणाकडेही नसताना रोल मागितला गेलेला असतो. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे. आकडे बहुतेक डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, कारण बहुतेक टेबलांवर तीच असते. तोडगे मात्र जिथे चांगले मिळाले तिथून बिनदिक्कत उचललेत.

रोल मागायची गरज होती का?

दोन गोष्टी बघायच्या. हे काम जमेल किंवा जमणार नाही, दोन्ही खरोखर शक्य आहे का? आणि जमलं नाही तर परिस्थिती बदलते का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर फाशाला हात लावू नका. हाताशी अवजारं आहेत, वेळ आहे, मागावर कोणी नाही, तर कुलूप उघडलं. चला पुढे.

हे काही नव्या गेम्सचं खूळ नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत 'टेक ट्वेंटी' नावाचा नियमच होता. घाई नसेल आणि फसण्याने नुकसान होणार नसेल, तर वीसपट वेळ लावायचा आणि फाशावर २० पडले असं धरायचं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये दहापट वेळ घेऊन काम आपोआप होऊ द्या अशी सूचना आहे. फसण्याला काही अर्थपूर्ण परिणाम असेल तरच रोल मागा, हेही तिथेच लिहिलंय. पण हे सगळं जीएमच्या पुस्तकात, आतल्या पानांवर. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे खेळाडूच्या हातातल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, मात्र अठरा स्किल्सची यादी सतत डोळ्यांसमोर असते, आणि यादी दिसली की ती वापरावीशी वाटतेच. खेळाडू स्वतःहूनच "मी इन्व्हेस्टिगेशन रोल करू?" असं विचारतात. त्यावर सवयीने "हो कर" म्हणू नका. "तू नेमकं काय करतोयस?" असं विचारा. निम्मे रोल इथेच गळतात.

आता त्या दारावरच्या रांगेचा हिशोब बघा. एकेकाला ४० टक्के शक्यता आहे आणि चौघांनी प्रयत्न केला, तर चौघेही फसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे साधारण १३ टक्के. दार ८७ टक्के वेळा उघडणारच होतं. जीएमला वाटतं आपण अवघड कुलूप ठेवलं. प्रत्यक्षात त्याने फक्त वेळखाऊ कुलूप ठेवलेलं असतं.

यावरचा सगळ्यात सोपा इलाज 'बर्निंग व्हील' या गेममधला 'लेट इट राइड'. एका कामासाठी एकच रोल, आणि परिस्थिती ठळकपणे बदलेपर्यंत तोच निकाल कायम. मदत करायची असेल त्याने रोलच्या आधी बोलायचं; पाचव्या आवृत्तीत मदतीमुळे ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. रोल फसला की सगळ्यांना एक नवी गोष्ट कळलेली असते: या मार्गाने हे दार आज उघडणार नाही. आता खिडकी, किल्लीवाला, छप्पर किंवा कुऱ्हाड. हा नियम फसण्याइतकाच यशालाही लागू आहे, आणि जीएम हे सोयीस्करपणे विसरतात. चोराने वाड्यात लपत शिरण्याचा रोल जिंकला असेल तर प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर पुन्हा स्टेल्थ मागायचा नाही.

फसलं तर काय, हे फासा पडण्याआधी बोला

सगळ्या पोस्टमधला एकच भाग वापरायचा असेल तर हा वापरा.

'बर्निंग व्हील'मध्ये खेळाडूने दोन गोष्टी सांगायच्या असतात: मला काय साधायचंय आणि ते मी कसं करतोय. त्यावर जीएमने, फसलं तर काय होईल ते सांगायचं. मग फासे. कुलपाचंच बघू, पण आता गस्तीवर पहारेकरी आहे असं धरा.

"मी कुलूप उघडतो."
"कशासाठी? आत काय हवंय तुला?"
"पहारेकरी वळून यायच्या आत आम्ही सगळे आत असायला हवेत."
"ठीक. जमलं तर सगळे आत, दार मागे लावलेलं. फसलं तर दार उघडेल, पण तू अजून कुलपाशी वाकलेला असतानाच कंदिलाचा उजेड कोपऱ्यावरून येईल. चालेल?"
"थांब. मग आधी कोणीतरी त्याचं लक्ष दुसरीकडे वेधू दे."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. फासा पडलासुद्धा नाही आणि खेळ पुढे गेला. धोका काय आहे ते कळलं की खेळाडू बेत बदलतात, एकमेकांशी बोलतात, जपून ठेवलेली साधनं काढतात. धोका झाकून ठेवला की ते फक्त फासा टाकतात.

आणखी एक बघा. या उदाहरणात रोल फसला तरी दार उघडतंय. कुलूप उघडणं हा कधी प्रश्नच नव्हता. पहारेकऱ्याच्या आधी आत पोचणं हा प्रश्न होता. हेतू विचारला नसता तर हे कळलं नसतं, आणि रोल चुकीच्या गोष्टीवर झाला असता.

यावर जीएम मंडळींची नेहमीची तक्रार: "दर वेळी परिणाम सुचत नाही." सुचत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा त्या प्रसंगात धोकाच नाही. मग मागच्या मुद्द्यावर परत जा आणि रोल काढून टाका. धोका हवाच असेल तर तो प्रसंगाच्या सुरुवातीला दिसायला हवा. गस्तीची पावलं आधी ऐकू आलेली असतील, मशाल विझत आलेली आधी सांगितली असेल, नदीचं पाणी चढतंय हे आधी बोललेलं असेल, तर रोल फसल्यावर जीएमला डोकं खाजवत बसावं लागत नाही. पावलं जवळ येतात, मशाल विझते, पाणी गुडघ्याला लागतं. याउलट रोल फसला म्हणून छतावरून अचानक कोळी पडला, तर खेळाडूंना तो परिणाम वाटत नाही, शिक्षा वाटते. आणि त्यांचं बरोबरच असतं.

'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ च्या गेमने हे बोलणं नियमातच बसवलं. रोलच्या आधी जीएम परिस्थिती किती धोक्याची आहे ते सांगतो: 'कंट्रोल्ड', 'रिस्की' किंवा 'डेस्परेट'. आणि काम जमलं तर किती जमेल तेही सांगतो: 'लिमिटेड', 'स्टँडर्ड' किंवा 'ग्रेट'. मग सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि सर्वात मोठा धरायचा. १ ते ३ वाईट, ४-५ काम होतं पण काहीतरी अंगाशी येतं, ६ म्हणजे निर्विवाद यश. डेस्परेट रोल केला तर निकाल काहीही असो, अनुभवाचा गुण मिळतो. वर, जीएमने दिलेला परिणाम खेळाडू सौम्य करू शकतो किंवा टाळू शकतो. त्याबदल्यात फासे टाकून, सहामधून सर्वात मोठा फासा वजा करून उरेल तेवढा 'स्ट्रेस', म्हणजे पात्रावरचा ताण, घ्यायचा. म्हणजे फसणं हा वाटाघाटीचा विषय होतो. पाचव्या आवृत्तीत हे सगळं आणायची गरज नाही; "हे रिस्की आहे, आणि जमलं तरी अर्धंच जमेल" एवढं एक वाक्य उसनं घेतलं तरी पुरतं.

लगेच काही घडवण्यासारखं नसेल तर त्याच गेममधली घड्याळं वापरा. कागदावर एक वर्तुळ काढा, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करा, वर लिहा "पहारेकरी सावध". रोल फसला की एक-दोन भाग रंगवायचे. घड्याळ टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं. तीन भाग रंगलेल्या सहाच्या घड्याळाने जेवढा दबाव येतो तेवढा जीएमच्या खर्जातल्या आवाजाने येत नाही.

दुसरा प्रयत्न द्यायचाच असेल तर 'कॉल ऑफ कथुलू'च्या सातव्या आवृत्तीतली 'पुश'ची पद्धत चोख आहे. रोल फसला, खेळाडूला पुन्हा करायचाय. त्याने या वेळी वेगळं काय करतोय ते सांगायचं: जास्त जोर, जास्त वेळ, जास्त धाडस. जीएमने पुश फसला तर काय होईल याची कल्पना द्यायची, आणि ते आधीच्या फसण्यापेक्षा वाईटच असतं. लढाईचे, नशिबाचे आणि मानसिक तोलाचे रोल पुश करता येत नाहीत. "मी परत बघतो" हेच वाक्य, पण आता त्याला किंमत आहे. ही पद्धत कुठल्याही सिस्टिममध्ये एका मिनिटात बसते.

पुरावा हाती लागला नाही, आता पुढे काय?

हा कुलपाचाच भाऊ, फक्त जास्त घातक. रहस्यकथेत खुनाच्या खोलीत पत्र आहे, पत्रात पुढच्या ठिकाणाचा पत्ता आहे, आणि पत्र शोधण्यासाठी रोल आहे. चौघेही फसले. आता? जीएम घाम पुसत म्हणतो, "अं... अजून एकदा बघा ना."

पेलग्रेन प्रेसच्या 'गमशू' सिस्टिमने याला थेट हात घातला. 'ट्रेल ऑफ कथुलू' हा २००८ चा गेम त्याच घराण्यातला. तिथला नियम असा, की योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य ठिकाणी गेलं आणि शोधलं, की मुख्य पुरावा मिळालाच. रोल नाही. कारण तपासाच्या गोष्टीत मजा पुरावा सापडण्यात नसते, सापडलेल्याचा अर्थ लावण्यात असते.

तुमची सिस्टिम वेगळी असली तरी तत्त्व तेच ठेवा: पत्र मिळणार. रोल ठेवायचाच तर तो पत्राभोवतीच्या गोष्टींसाठी. फसलात तर पत्र मिळतं, पण शोधाशोधीत तास गेला आणि खुनी शहर सोडून निघाला. किंवा मिळतं, पण ते वाचताना नोकराने तुम्हाला पाहिलं. चांगला रोल पडला तर पत्राच्या जोडीला आणखी काही: शाईचा वास, फाडलेला कोपरा. शिवाय कथा जिथे एका निष्कर्षावर टेकते तिथे पोचायच्या किमान तीन वेगळ्या वाटा ठेवा. खेळाडू एक पाहणार नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ लावतील, आणि तिसरीवरून पोचतील.

विकत घेतलेलं साहस, म्हणजे तयार छापलेलं कथानक, चालवत असाल तर सेशनच्या आधी पेन्सिल घेऊन बसा आणि ज्या ज्या ठिकाणी "डीसी १५ चा चेक यशस्वी झाल्यास सापडतं" असं लिहिलंय (डीसी म्हणजे गाठायचा आकडा, चेक म्हणजे रोल) तिथे स्वतःला विचारा: नाही सापडलं तर पुढचं प्रकरण उघडतं का? नसेल उघडत तर तो चेक खोडा. छापलेल्या साहसांत अशा जागा असतात, अगदी नावाजलेल्यांतसुद्धा.

माहितीच्या रोलचंही तसंच. "या राक्षसाबद्दल मला काय माहीत आहे?" असं विचारल्यावर रोल फसला म्हणून "काहीच नाही" म्हणणं हा टेबलावरचा सर्वात कोरडा निकाल. ज्या पात्राने आयुष्य ग्रंथालयात काढलंय त्याला ढोबळ माहिती द्याच. रोल ठरवेल ती किती नेमकी आणि किती उपयोगी.

पात्र मूर्ख दिसतंय

इथे खेळ अडत नाही, पण खेळाडू रुसतो. दहा सेशन्स घासून तयार केलेली तलवारबाज, आणि रोल फसला की जीएम हसत सांगतो, "तू पायात पाय अडकून पडतेस." एकदा गंमत. तिसऱ्यांदा तिचा खेळातला रस गेला.

कौशल्य हे बोनसमध्ये, म्हणजे फाशात मिळवायच्या आकड्यात, आधीच मोजलेलं आहे. फासा दाखवतो ते पात्राच्या हाताबाहेरचं: वारा, ओला दगड, समोरच्याची चपळाई, गंजलेली खिट्टी. म्हणून फसल्याचं वर्णन जगाकडून करा. "तुझा वार अचूक होता, पण तो शेवटच्या क्षणी ढाल मध्ये घालतो, हा कोणी साधा शिपाई नाही." याने तलवारबाजही शाबूत राहते आणि शत्रूबद्दल काहीतरी कळतं. अपवाद एकच: विनोदी गेम असेल आणि सगळे त्याच तयारीने बसले असतील, तर खुशाल आपटा.

आता फम्बलचे तक्ते. १ पडला की तलवार निसटते, धनुष्याची दोरी तुटते, बाण मित्राला लागतो वगैरे. पाचव्या आवृत्तीत हल्ल्याच्या रोलवर १ पडला की वार चुकतो, एवढंच आहे. २०१४ च्या नियमांत स्किलच्या चेकला तर १ चा वेगळा अर्थच नाही. बोनस मिळवून डीसी गाठला की झालं. तक्ते हे घरी लावलेलं शेपूट, आणि त्यातला दोष गणिती आहे. पहिल्या पातळीवरचा फायटर एका फेरीत एक वार करतो, म्हणजे दर फेरीला ५ टक्के वेळा फम्बल. पाचव्या पातळीपासून दोन वार, ९.७५ टक्के. अकराव्यापासून तीन, सुमारे १४ टक्के. विसाव्या पातळीला चार वार, साडेअठरा टक्के. जगातला सर्वश्रेष्ठ योद्धा रंगरुटापेक्षा तिपटीहून जास्त वेळा तलवार पाडणार! तिकडे जादूगार असा मंत्र टाकतो ज्यात रोल समोरच्याने करायचा असतो. त्याला फम्बलची झळही नाही. तक्ता फाडा. फारच जीव अडकला असेल तर फेरीतला फक्त पहिला वार त्यात धरा.

फसण्याचं प्रमाणच जास्त वाटतंय

कधी कधी बाकी सगळं ठीक असतं आणि नुसतं गणित बिघडलेलं असतं. जीएमच्या तोंडात डीसी १५ बसलेला असतो; कशालाही १५. पुस्तकाप्रमाणे १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड. बोनस ५ असेल तर डीसी १५ ला फाशावर १० किंवा जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. म्हणजे ज्यात तुम्ही तरबेज आहात असं तुमची शीट सांगते, त्यातही जवळपास निम्म्या वेळा फसता. डीसी २० ला शक्यता ३० टक्क्यांवर येते. खेळाडूंना नायक वाटायला हवं असेल तर १० आणि १२ यांची लाज बाळगू नका.

दुसरा सापळा एकत्र लपण्याचा. प्रत्येकाची शक्यता ७० टक्के, चौघे आहेत, आणि एकही फसला तर सगळे पकडले जाणार. चौघेही जमण्याची शक्यता फक्त २४ टक्के. चिलखतवाला बरोबर असेल तर त्याहून कमी. म्हणून तर "आपण गुपचूप जाऊ" या बेताचा शेवट कायम मारामारीत होतो आणि हळूहळू तो बेत कोणी मांडतच नाही. पाचव्या आवृत्तीत यासाठी ग्रुप चेक आहे: निम्मे किंवा जास्त जमले तर सगळ्यांचं जमलं. तेच आकडे घालून बघा, शक्यता जवळपास ९२ टक्क्यांवर जाते.

तिसरं, एकाच कामाचे तुकडे. भिंत चढायला रोल, वर तोल सांभाळायला रोल, उतरायला रोल. प्रत्येकी ७५ टक्के म्हटले तरी तिन्ही जमण्याची शक्यता ४२ टक्के. एकच रोल मागा.

(फासा खोटा आहे अशी शंका असेल तर खुशाल बदला. ४५ टक्के फसण्याच्या शक्यतेला सलग पाच फसणं साधारण पन्नासातून एकदा घडतं, आणि एका संध्याकाळी टेबलावर कितीतरी रोल होतात. फासा बहुधा निर्दोष आहे. पण बदललेल्या फाशाने खेळाडूचा चेहरा खुलत असेल तर वाद कशाला घालायचा?)

उलटा बिघाड: काहीच धड फसत नाही

वरचे इलाज कळल्यावर बरेच जीएम दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक फसलेला रोल "हो, पण..." होतो. पहिली दोन सेशन्स झकास. मग कुलूप उघडतं पण अवजार मोडतं, दोर चढता येतो पण पिशवी पडते, माणूस पटतो पण त्याचा भाऊ चिडतो. तासाभरात इतकी लफडी मागे लागतात की मूळ बेत कोणाला आठवत नाही.

२०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून निघालेल्या गेम्समध्ये हे विशेष दिसतं. दोन सहा-बाजूंचे फासे, अधिक बोनस: १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ अर्धं, ६ किंवा खाली जीएमची चाल, म्हणजे तो काहीतरी वाईट घडवतो. बोनस शून्य असेल तर अर्ध्या यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के. बोनस १ असेल तर ४४. बोनस २ असेल तरी पुन्हा ४२. बोनस २ पर्यंत पात्र सुधारलं तरी "हो, पण" हटत नाही. कमी होतं ते फक्त सपशेल फसणं. हे मुद्दामच तसं रचलंय, कारण गुंता वाढवणं हाच त्या गेम्सचा धंदा. पण म्हणूनच तिथे रोल क्वचित मागायचा असतो. पाचव्या आवृत्तीच्या सवयीने दर दोन मिनिटांनी रोल मागितला तर जीएमची कल्पनाशक्ती पहिल्या तासात आटते.

किमतीबद्दल एक नियम मी कटाक्षाने पाळते: जे मिळालं ते किंमत काढून घेणार नाही. "तू राजवाड्यात शिरतोस, पण लगेच पकडला जातोस" हे अर्धं यश नव्हे, पूर्ण अपयशाला लावलेला मुलामा आहे. "तू शिरतोस, पण परतीची वाट बंद झाली" हे अर्धं यश. पाचव्या आवृत्तीच्या गाईडमध्ये अशा सौद्याचा पर्यायी नियम आहे: रोल एक किंवा दोनने हुकला तरच किंमत देऊन यश. एवढी मर्यादा मला पुरेशी वाटते. आठने हुकला तर हुकला.

आणि साधा, कोरडा नकार काही ठिकाणी उत्तम चालतो. लढाईत वार चुकला तर फार काही करावं लागत नाही, कारण पाळी शत्रूकडे गेली. तो गेलेला वेळ हीच किंमत. पाठलागात, वादळात, कुठेही दुसऱ्या बाजूचं काही चालू असेल तर "नाही जमलं" एवढं बास. राजाला गळ घातली आणि रोल फसला? राजा नाही म्हणतो. फक्त का नाही म्हणतो, किंवा कशाच्या बदल्यात हो म्हणेल, ते त्याच्या तोंडून बाहेर पडू द्या, म्हणजे खेळाडूंना पुढे हालचाल करायला काहीतरी मिळतं.

सेशनच्या मध्येच अडकलात तर

रोल मागून झाला, फसलाही, आणि सांगायला काही नाही. नियमपुस्तक चाळू नका. टेबलालाच विचारा: "इथे काय वाईट होऊ शकतं?" खेळाडू स्वतःच्या पात्रांसाठी जीएमपेक्षा क्रूर गोष्टी सुचवतात, हा माझा अनुभव आहे. तेही सुचलं नाही तर वेळ पुढे ढकला: "जमलं, पण रात्र उलटली." वेळ गेल्याने जगात काहीतरी सरकतंच.

एक चिवट प्रकार: पर्सेप्शन

पर्सेप्शन म्हणजे पात्राला काही दिसतंय-ऐकू येतंय का याचा रोल. हा रोल वरच्या कुठल्याच उपायाने पुरता सुधारत नाही, कारण इथे रोल मागणं हीच बातमी असते. जीएमने पर्सेप्शन मागितला, फाशावर ३ पडले, जीएम म्हणाला "काही दिसत नाही". आता टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे की काहीतरी आहे, आणि पात्रांना माहीत नाही असं नाटक करत राहायचं. फसलं तर काय हे आधी सांगावं, तर सापळ्याचं गुपित फुटलं.

२०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत असे काही चेक्स 'सीक्रेट' म्हणून खूण केलेले आहेत. ते खेळाडूच्या बोनसने जीएम लपवून टाकतो. चालतं, पण आपला फासा दुसऱ्याच्या हातात दिलेला काही खेळाडूंना खपत नाही. त्यापेक्षा पाचव्या आवृत्तीतलं पॅसिव्ह पर्सेप्शन मला बरं वाटतं: १० अधिक बोनस. सगळ्यांचे आकडे जीएमसमोरच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. कोणाचा आकडा पुरत असेल तर सापळा दिसला, सांगून टाका. पुरत नसेल तर तिथे रोल मागूच नका, पात्रांना चालू द्या. फरशी पायाखाली खचली की मग डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्याचा रोल, मागा. तो फसला तर काय होणार, हे टेबलावर कोणालाही विचारावं लागत नाही.